एका साच्यातली दोन विमाने

आयपनबुर्खमध्ये राहणाऱ्या किंवा तिथून ट्रामने रोज ये-जा करणाऱ्या आपल्या मंडळींपैकी किती जणांना ठाऊक असेल, की आज जिथे घरे, शाळा आणि तळी आहेत तिथे एके काळी विमानांची धावपट्टी होती? हा विमानतळ १९३६ साली सुरू झाला. त्याचा बराचसा भाग आपल्या रायस्वाइकच्या हद्दीत होता. २००२ पासून ही वसाहत हेग शहरात गेली. १० मे १९४० च्या पहाटे हेग शहर, राणी विल्हेल्मिना आणि डच सरकार एका झटक्यात ताब्यात घ्यावे म्हणून जर्मनीने वाहतूक विमानांतून आपले सैनिक इथे उतरवले. डच सैन्याने त्याच दिवशी तळ परत मिळवला, तरी पाच दिवसांत देशाला शरणागती पत्करावी लागली. युद्धानंतर इथे हवाई दलाचा तळ होता. पुढे विमाने गेली आणि घरे आली. ब्रिंकमन आणि फान देर फ्लुख्त या वास्तुकारांनी बांधलेली विमानतळाची जुनी इमारत मात्र अजून उभी आहे.

या परिसरात राहून लष्करी विमानांच्या छोट्या प्रतिकृती जोडण्याचा छंद मला आहे. घरी येणारे पाहुणे कपाटाकडे बघून विचारतात, "मुलांची खेळणी का?" तसे वाटणे स्वाभाविक आहे. पण या छंदाला एक अट असते. विमान 'कोणते तरी' असून चालत नाही. ते कोणत्या देशाचे, कोणत्या तुकडीचे आणि कोणत्या सालचे, हे ठरल्याशिवाय रंगाची डबी उघडता येत नाही. म्हणजे आधी इतिहासाचे पुस्तक आणि मग चिकटवायचे सोल्यूशन!

या छंदातले सर्वांत रुळलेले प्रमाण म्हणजे १:७२. या प्रमाणात सहा फूट उंचीचा माणूस बरोबर एक इंचाचा होतो. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना आपले विमान कोणते आणि शत्रूचे कोणते हे लांबून ओळखायला शिकवण्यासाठी याच प्रमाणात प्रतिकृती बनवल्या जात. युद्धानंतर प्लॅस्टिकचे संच निघाले आणि हे प्रमाण त्यांत कायम राहिले. 'आपले कोणते आणि परके कोणते' हा प्रश्न अशा रीतीने या छंदाच्या मुळाशीच आहे.

मग रायस्वाइकमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाने कोणते विमान करावे? मी निवडले 'हॉकर हंटर'. हे लढाऊ जेट भारताने वापरले आणि नेदरलँड्सनेही. त्याचे रचनाकार सर सिडनी कॅम. युद्धकाळातले प्रसिद्ध 'हरिकेन' विमानही त्यांचेच. हंटरचे पहिले उड्डाण २० जुलै १९५१ रोजी झाले आणि ७ सप्टेंबर १९५३ रोजी नेव्हिल ड्यूक या वैमानिकाने त्याच विमानाने ताशी सुमारे १,१७१ किलोमीटर वेगाचा जागतिक विक्रम केला. एकूण १,९७२ हंटर बांधली गेली आणि ती सगळीच इंग्लंडमध्ये नव्हेत. नेदरलँड्स आणि बेल्जियम या देशांनी परवाना घेऊन आपापल्या कारखान्यांत ती तयार केली. डच कारखाना होता फोकर कंपनीचा. तिचा संस्थापक अँथनी फोकर हा तेव्हाच्या डच वसाहतीत, जावा बेटावर, १८९० साली जन्मलेला. फोकरने 'मार्क ४' या प्रकारची ९६ आणि 'मार्क ६' या प्रकारची ९३ हंटर बांधली. भारताने त्याच सुमारास ब्रिटनकडे १६० हंटरची मागणी नोंदवली आणि १९५७ पासून ती यायला लागली. भारतीय प्रकाराला 'मार्क ५६' असे नाव होते, पण मुळात तो मार्क ६ च.

म्हणूनच एकाच कंपनीचे दोन सारखे संच आणून एक डच आणि एक भारतीय हंटर शेजारी शेजारी बसून करायचे मी ठरवले. १:७२ प्रमाणात हंटर साधारण साडेएकोणीस सेंटिमीटर लांब आणि सव्वाचौदा सेंटिमीटर रुंद होते. हाताच्या पंजावर मावेल एवढेच. प्लॅस्टिकच्या चौकटीतून एकेक भाग कटरने सोडवायचा, त्याच्या कडा पॉलिश पेपरने घासायच्या, शरीराचे डावे-उजवे अर्ध जोडायचे, सांध्यातली फट पुट्टीने भरून पुन्हा घासायची. शरीर बंद करण्याआधी दोन कामे विसरून चालत नाही. एक म्हणजे वैमानिकाची बैठक रंगवून आत बसवणे, आणि दुसरे म्हणजे नाकात वजन भरणे. हंटरचे एक चाक नाकाखाली आणि दोन पंखांखाली असतात. नाकात वजन नसेल तर प्रतिकृती शेपटीवर बसते. मासेमारीच्या दुकानात गळाला लावायचे शिशाचे मणी मिळतात, ते त्यासाठी उत्तम.

इथपर्यंत दोन्ही विमाने अगदी जुळी असतात. नाकाखालच्या फुगीर डब्यांचीच गोष्ट घ्या. हंटरच्या पोटात ३० मिलिमीटरच्या चार तोफा असत. त्या दारूगोळ्यासकट एकाच पेटीत बसवलेल्या असल्याने पेटी उतरवून भरलेली दुसरी पेटी चढवली की विमान थोड्या मिनिटांत पुन्हा लढायला तयार होई. गोळ्यांच्या माळेच्या सुट्या झालेल्या कड्या हवेत उडून विमानालाच लागू नयेत, म्हणून त्या या डब्यांत गोळा होत. पंखाच्या पुढच्या कडेला मार्क ६ वर करवतीच्या दातासारखी एक खाच आहे. वेगात वळताना विमानाचे नाक आपोआप वर उचलले जाऊ नये म्हणून ती केलेली. पॉलिश पेपरच्या दोन जास्तीच्या घासांनी ही खाच बोथट होते आणि मग विमान मार्क ६ दिसतच नाही.

फरक सुरू होतो तो शेपटीपासून. भारतीय हंटरला उतरल्यावर वेग कमी करण्यासाठी ब्रेक पॅराशूट होते. त्याची छोटी कुपी जेटच्या नळकांड्याच्या वर बसते. डच विमानाला ती नाही. वरच्या अंगाचा रंग दोघांचा एकच, म्हणजे ब्रिटिश पद्धतीचे गडद हिरवे आणि गडद करडे पट्टे. भारतीय विमान पोटाकडून चंदेरी. डच विमानाचा क्रमांक 'एन' या रोमन अक्षराने सुरू होतो, भारतीय विमानाचा 'बीए' या अक्षरांनी.

आणि मग येतात ती दोन्ही देशांची गोल चिन्हे. भारताचे चिन्ह बाहेरून आत हिरवे, पांढरे आणि मधोमध केशरी. डचांचे चिन्ह लाल, पांढऱ्या आणि निळ्या अशा तीन फाकांचे, आणि मधोमध नारिंगी ठिपका. चिमट्याने पाण्यातून उचलून ही चिन्हे पंखावर सरकवताना लक्षात आले, की दोन्हींच्या पोटात जवळजवळ एकच रंग आहे. एक ओरान्य राजघराण्याचा, दुसरा आपल्या तिरंग्यातला. १९३९ मध्ये तटस्थ असलेल्या डचांनी आपले चिन्ह फ्रेंच-ब्रिटिश चिन्हांसारखे दिसू नये म्हणून बदलून काळ्या कडेचा नारिंगी त्रिकोण केला होता. मे १९४० मध्ये आयपनबुर्खवरची डच लढाऊ विमाने तोच त्रिकोण लावून लढली.

आता साल ठरवायचे. मी दोन्हींसाठी १९६१ चा डिसेंबर निवडला, आणि त्यामागे कारण आहे.

१८ डिसेंबर १९६१ रोजी भारताचे 'ऑपरेशन विजय' सुरू झाले. हवाई मोहिमेसाठी पुणे आणि बेळगावजवळचे सांबरा हे तळ वापरण्यात आले. कॅनबेरा विमानांनी दाबोळीची धावपट्टी उखडली आणि सहा हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र बंद पाडले. १९ डिसेंबरला पोर्तुगीज गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली आणि १५१० पासूनची पोर्तुगीज सत्ता संपली. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी गोवा मुक्तीच्या सत्याग्रहींच्या आठवणी सांगितल्या जात. त्यांच्या दृष्टीने हंटरचा आवाज म्हणजे सुटकेचा आवाज.

त्याच वेळी डच हंटर कुठे होती? नेदरलँड्सने इंडोनेशिया सोडला तरी न्यू गिनीचा पश्चिम भाग स्वतःकडे ठेवला होता. इंडोनेशिया तो मागत होता. म्हणून १९६० साली 'कारेल दोरमान' या विमानवाहू जहाजातून १२ हंटर तिकडे नेण्यात आली आणि बियाक बेटावर ठेवण्यात आली. आणि ज्या दिवशी गोवा मुक्त झाला त्याच दिवशी, १९ डिसेंबर १९६१ रोजी, अध्यक्ष सुकार्णो यांनी योग्यकर्ता येथील भाषणात पश्चिम न्यू गिनी घेण्यासाठी जनतेला सज्ज होण्याची हाक दिली. म्हणजे एका वसाहतीचा शेवट करायला एक हंटर उडत होते, तर दुसऱ्या वसाहतीच्या राखणीला दुसरे उभे होते. यंत्र तेच, रंगही तोच.

पुढे १५ ऑगस्ट १९६२ रोजी न्यूयॉर्कमध्ये करार होऊन डचांनी तो प्रदेश आधी संयुक्त राष्ट्रांकडे आणि १ मे १९६३ पासून इंडोनेशियाकडे जाऊ दिला. युद्धबंदीवर देखरेख करणाऱ्या पथकाचे प्रमुख होते भारतीय सेनाधिकारी, ब्रिगेडियर इंदरजित रिखी. सही एका गावात आणि मुलूख जगाच्या दुसऱ्या टोकाला, हे रायस्वाइकला नवे नाही. इथल्या १६९७ च्या तहात डचांनी जिंकलेली पाँडिचेरी फ्रेंचांना परत द्यायचे ठरले होते. पाँडिचेरीच्या लोकांना तेव्हा कोणी विचारले नाही. न्यू गिनीतल्या पापुआंनाही १९६२ च्या त्या टेबलावर जागा नव्हती. १९६९ साली त्यांचा कौल घेतला गेला तो हजारभर निवडक प्रतिनिधींकडून, आणि त्याबद्दलचा वाद अजून मिटलेला नाही. त्यामुळे 'भारतीय विमान चांगल्या बाजूचे आणि डच विमान वाईट बाजूचे' अशी सरळ वाटणी करून मला मोकळे होता आले नाही.

हा प्रश्न माझ्यापुढे आणला तो माझ्या मुलाने. तो इथेच जन्मला, डच शाळेत शिकला. दोन्ही विमाने वाळत असताना त्याने विचारले, "बाबा, यातले आपले कोणते?" पटकन केशरी-पांढऱ्या-हिरव्या चिन्हाकडे बोट दाखवणे सोपे होते. पण त्याचा पासपोर्ट डच आहे, आणि बियाकला पाठवलेल्या वैमानिकांची नातवंडे त्याच्या वर्गात असू शकतात. तसेच त्यांच्या शेजारच्या बाकावर इंडोनेशियातून आलेल्या घरांतली मुलेही असतील. मी त्याला दोन्ही विमानांची गोष्ट १९ डिसेंबर या तारखेसकट सांगितली. तो म्हणाला, "म्हणजे दोन्ही ठेवायची." त्या दिवसापासून ती कपाटात एकाच फळीवर आहेत. त्यांच्यापुढे एका चिठ्ठीवर त्याच्या अक्षरात तारीख लिहिलेली आहे, देशाचे नाव नाही.

हंटरची गोष्ट तिथे संपत नाही. ६ सप्टेंबर १९६५ रोजी हलवारा तळावरच्या हवाई लढाईत फ्लाइंग ऑफिसर पिंगळे यांचे हंटर पडले आणि त्यांनी पॅराशूटने उडी मारून जीव वाचवला. दहाच दिवसांनी ते पुन्हा आकाशात होते. १६ तारखेला त्यांनी एक सेबर विमान पाडले. त्यांना वीरचक्र मिळाले. डिसेंबर १९७१ मध्ये लोंगेवालाच्या वाळवंटात पाकिस्तानी रणगाडे अडवले तेही जैसलमेरहून उडालेल्या हंटर विमानांनीच. दरम्यान डचांनी साठच्या दशकात आपली हंटर निवृत्त केली. हॉकर कंपनीने ब्रिटिश, बेल्जियन आणि डच हवाई दलांची अशी वापरलेली विमाने परत घेतली, नव्यासारखी केली आणि अनेक देशांना विकली. भारताने नंतर घेतलेली हंटरही अशा दुरुस्त केलेल्या विमानांतलीच होती. एका देशाचे चिन्ह खरवडून दुसऱ्याचे रंगवायचे, हे फक्त आमच्यासारखे छंदिष्टच करतात असे नाही!

असो. हिवाळ्यात इथे पाच वाजताच अंधार पडतो आणि मुले पडद्यांसमोर बसतात. अशा वेळी एखादा सोपा संच आणून बघा. एक कटर, पॉलिश पेपर, दोन ब्रश आणि चार डब्या रंग एवढे पुरते. हंटरच हवे असे नाही. नाशिकजवळ ओझरला तयार झालेले मिग-२१ करा. भारतीय हवाई दलाने सप्टेंबर २०२५ मध्ये ते निवृत्त केले, त्यामुळे त्याची गोष्ट सांगायला हीच वेळ योग्य. फक्त रंगाची डबी उघडण्यापूर्वी मुलांसोबत तारीख ठरवा, आणि त्या तारखेला दुसऱ्या बाजूला कोण होते तेही शोधून काढा. दिल्लीला गेलात तर पालमच्या हवाई दल संग्रहालयात खरे हंटर उभे आहे. त्याच्या शेपटीवरची पॅराशूटची कुपी मुलांना जरूर दाखवा.