जेवणाच्या सुट्टीतला प्रश्न: नेमागॉनची गोष्ट

आजची गोष्ट मातीखालची आहे.

वांग्याचं रोप उपटलं आणि मुळांवर गाठी दिसल्या, की शेतकरी ओळखतो: सूत्रकृमी. नुसत्या डोळ्यांना न दिसणारे हे जीव मुळांतच घर करतात. वरून फवारून काय होणार? म्हणून लागवडीआधी मातीतच विषारी वाफ सोडायची, जमिनीला धुरी द्यायची, ही पद्धत आली. त्यातलं क्लोरोपिक्रिन तर पहिल्या महायुद्धात चक्क सैनिकांवर सोडलेलं!

१९५० च्या दशकात अमेरिकेत डाऊ आणि शेल या कंपन्यांनी नवं औषध आणलं, डीबीसीपी. शेलचं ब्रँडनेम नेमागॉन. हा द्रव जमिनीत टोचायचा, त्याची वाफ मातीत पसरते. आणि गंमत म्हणजे उभं झाड सहसा मरत नाही. त्यामुळे लागवडीआधीही चालायचं, नंतरही. द्राक्षं, पीच, अननस, केळी, सगळीकडे ते गेलं.

आता नीट ऐका. १९६१ मध्येच डाऊ आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी छापलं होतं, की या वाफेने उंदरांची वृषणं आक्रसतात. म्हणजे गुपित वगैरे काही नव्हतं. फक्त ते कामगारांपर्यंत पोचलं नाही.

सोळा वर्षं गेली. कॅलिफोर्नियात लॅथ्रोप इथे ऑक्सिडेंटल कंपनीच्या कारखान्यात हे औषध तयार व्हायचं. जेवताना गप्पा मारता मारता तिथल्या माणसांच्या लक्षात आलं, की आपल्यापैकी कुणालाच हल्ली मूल होत नाहीये. हे चारचौघांत बोलणं पुरुषांना किती जड जातं, सांगायला नको. पण ते बोलले, आणि १९७७ च्या उन्हाळ्यात वीर्यतपासणीही करून घेतली. डॉ. डोनाल्ड व्हॉर्टन यांनी पुढे बाकीच्यांना तपासलं. जे वर्षानुवर्षं या कामावर होते त्यांच्यात शुक्राणू जवळजवळ नव्हतेच. नवीन आलेले ठीक होते.

त्यावर पीच बागायतदारांच्या राष्ट्रीय संघटनेने सरकारला काय लिहावं? की ज्यांना आणखी मुलं नकोत त्यांना हे काम द्या, काहींना तर ही संततिनियमनाची सोयच वाटेल! विनोद नाही हा, अधिकृत पत्र होतं.

डाऊने उत्पादन थांबवलं. पण मध्य अमेरिकेत केळी पिकवणाऱ्या स्टँडर्ड फ्रूट कंपनीने उरलेला माल मागितला. उद्या दावे झाले तर भरपाई आम्ही देऊ, अशी हमी तिने दिली आणि माल गेला. तिथल्या मजुरांचे खटले पुढे कित्येक वर्षं चालले.

अमेरिकेत १९७९ मध्ये बंदी आली, हवाईतला अननस तेवढा वगळून. त्याची सवलत १९८५ पर्यंत टिकली. आणि फ्रेस्नोच्या विहिरींमध्ये मुरलेलं औषध? ते काढायला शहराला पिण्याचं पाणी कोळशाच्या गाळण्यांमधून सोडावं लागलं.