काटा आणि आकडे

एमएच-२१ नंबरची जुनी पिकअप बघायला गेलं की जालन्यात इंजिन चालू करण्याआधीच प्रश्न येतो, ‘रनिंग किती झालंय?’ काच पुसून बघावं तर आकडे कधीचे थांबलेले, आणि मालक निर्धास्तपणे सांगतो, ‘मीटर बंद आहे, पण गाडी कमीच चाललीय.’ हे ‘कमीच’ ज्याने त्याने आपल्या जबाबदारीवर धरायचं. मीटर मेलंय की मारलंय, आणि मेलं असेल तर नेमकं कुठे, हे शोधायला त्याची कुळकथा फार उपयोगी पडते. त्या एका गोल डबीत दोन वेगळी घराणी नांदतात. आकडे अंतर सांगतात, काटा वेग सांगतो, आणि दोघांच्या वयात जवळपास दोन हजार वर्षांचा फरक आहे.

आकड्यांचं घराणं जुनं. रोमन वास्तुकार विट्रुव्हिअस याने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात एक यंत्र वर्णन केलंय. गाडीच्या चाकाच्या एका फेऱ्यात साडेबारा फूट अंतर कापलं जायचं. असे ४०० फेरे झाले की दात्यांच्या चाकातून एक खडा खालच्या भांड्यात पडायचा. ५००० फूट, म्हणजे एक रोमन मैल. मुक्कामाला पोहोचायचं आणि खडे मोजायचे. चीनमध्ये हेच काम गाडीवरचा ढोल करायचा. आपल्याकडे कोस होता, पण तो मुलखागणिक लांब-आखूड व्हायचा. ईस्ट इंडिया कंपनीच्या सर्व्हेअरांनी दख्खनचे रस्ते मोजले ते पेरॅम्ब्युलेटर नावाचं दांड्याचं चाक ढकलत. जालन्याला कंपनीची छावणी होती, त्यामुळे कुठून कुठे किती मैल हा थेट फौजेच्या दाणावैरणीचा प्रश्न. खाचखळग्यांतून ढकललं की हे चाक अंतर वाढवून दाखवायचं. आपल्या रस्त्यांवर आजही दाखवेल!

काटा मात्र कालपरवाचा. १८२४ मध्ये फ्रान्समध्ये आरागो या शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की तांब्याची चकती फिरवली तर तिच्यावर टांगलेली चुंबकसुई मागोमाग फिरू लागते. तांब्याला चुंबक चिकटत नाही, मग हे कसं? उत्तर फॅरेडेने १८३१ मध्ये दिलं. चुंबक आणि धातू एकमेकांच्या मानाने हलले की धातूत वीज खेळू लागते आणि त्या विजेचं चुंबकत्व दुसऱ्याला ओढतं. या ओढीला नोकरीला लावलं स्ट्रासबर्गच्या ऑटो शुल्झे याने. १९०२ मध्ये त्याने वेग दाखवणाऱ्या मीटरचं पेटंट घेतलं. पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये मोटारींसाठी ताशी २० मैलांच्या मर्यादेचा कायदा झाला. मर्यादा आली की ती पाळायला काटा हवाच.

गंमत अशी, की काट्याला कोणीही ढकलत नाही. गिअरबॉक्सकडून मीटरपर्यंत येणाऱ्या तारेबरोबर आत एक चुंबक फिरतो. त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची हलकी वाटी असते, पण दोघांचा स्पर्श कुठेच नाही. चुंबक वाटीला आपल्याबरोबर ओढू पाहतो, घड्याळात असते तसली बारीक स्प्रिंग तिला अडवते. वेग दुप्पट झाला की ओढ दुप्पट, आणि वाटीच्या दांडीवर बसवलेला काटा तेवढाच पुढे. आकडे मात्र त्याच तारेवरून दात्यांनी फिरतात, रोमन खड्याच्या रीतीने.

ही तार तिसऱ्याच घरातून आलेली. वळणावळणातून फिरणारा लवचीक दांडा एकोणिसाव्या शतकात दंतवैद्य दाढ कोरायला वापरत. तारांचे थर एकमेकांच्या उलट पिळलेले, म्हणून फिरताना पीळ सुटत नाही. मागच्या चाकांवर चालणाऱ्या पिकअपमध्ये तिचं एक टोक गिअरबॉक्सच्या शेपटाकडच्या छोट्या गिअरमध्ये, दुसरं चौकोनी टोक मीटरच्या पाठीत. मैलांच्या काळात एका मैलाला तारेचे १००० फेरे हा रूढ हिशेब होता. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापं आली आणि हळूहळू डायलवर किलोमीटर चढले.

आता गाडीखाली शिरू. पासिंग जवळ आलं की मीटर आठवतं, कारण १९८९ च्या मोटार वाहन नियमांत ११७ क्रमांकाचा नियम स्पीडोमीटर मागतो. काटा आणि आकडे दोन्ही बंद असतील तर आधी तार बघायची. मीटरमागची चकरी सोडवून कोणाला तरी गाडी हळू ढकलायला सांगायची. चौकोनी टोक फिरलं नाही तर तार तुटली किंवा खालच्या गिअरचे दाते गेले. नवी तार घालण्याआधी मीटरची पाठ बोटांनी फिरवून बघावी. ती जड असेल तर नवी तारही फार टिकत नाही, आणि मग दुकानदाराला शिव्या बसतात.

आकडे पळतायत पण काटा पडूनच आहे? मग तारेला हात लावायचं कामच नाही, दुखणं शुल्झेच्या घरात आहे. उलट काटा चालतो आणि आकडे अडलेत, तर आतले दाते झिजलेत. काटा थरथरतो, नाचतो, तेव्हा बहुधा तार कोरडी पडलेली असते किंवा डॅशबोर्डमागे तिला फार तीव्र वळण दिलेलं असतं. इथे हौशी माणूस भरभरून ग्रीस घालतो आणि घोटाळा करतो. तारेचा पीळ फिरता फिरता ग्रीस वर चढवतो, ते चुंबक आणि वाटीच्या मधल्या फटीत जातं आणि काटा खोटं बोलू लागतो. मीटरकडची शेवटची वीतभर तार कोरडीच ठेवावी.

मारलेलं मीटर ओळखणं अवघड. तार काढून मागे ड्रिल लावलं की जुने आकडे उलटेही फिरत. तिथे पेडलवरचं झिजलेलं रबर जास्त खरं बोलतं.

मोसंबीचं भाडं किलोमीटरवर ठरलं असेल तर गिऱ्हाइकालाही आकड्यांशीच मतलब. आकड्यांची परीक्षा अंबड रोडवर किलोमीटरचे दगड बघत दहा किलोमीटर चालवून होते. मीटर साडेनऊ दाखवत असेल तर टायर मोठे चढवलेत किंवा गिअर दुसऱ्याच गाडीचा आहे, आणि तेव्हा काटाही त्याच प्रमाणात कमी दाखवतो. आकडे बरोबर दहा आले, पण काटा ६० वर स्थिर धरूनही लागोपाठच्या दोन दगडांत ६० सेकंदांऐवजी ५० लागले, तर गाडी खरं म्हणजे ७२ ने चालली होती. मग टायर बदलून काही होणार नाही. चुंबकाचा जोर ओसरला असेल किंवा स्प्रिंग बिघडली असेल. मीटर उघडायलाच लागेल.