बेलफळाची परीक्षा

लोंढा, बेळगाव, निपाणी या टापूत शिवालयाच्या आवारातील बेल सर्वांच्या परिचयाचा आहे. कच्च्या बेलफळाचा काढा अतिसारावर देण्याची परंपरा फार जुनी. मुंबईच्या ‘फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च’ या संस्थेतील संशोधकांनी २००९ साली तिचा पडताळा प्रसिद्ध केला. तपासलेल्या सहा प्रकारच्या जिवाणूंपैकी एकही काढ्याने मेला नाही. मारकशक्ती हीच एक कसोटी मानली असती, तर बेल तेथेच बाद ठरला असता. परंतु संशोधक तेथे थांबले नाहीत. काचपात्रात वाढविलेल्या मानवी पेशींना जिवाणूंचे चिकटणे व त्यांत शिरणे काढ्यामुळे कमी झाले. पटकीच्या विषाच्या निर्मितीसही अडथळा आला. शत्रू न मारताही उंबरठ्याबाहेर रोखता येतो, तो असा. मात्र रोग्याच्या देहातील कसोटी याहून निराळी होय.