माटोळीखालचा आठवडा

भाद्रपद शुद्ध तृतीयेला गोव्यातील हिंदू घरांत गणपतीच्या आसनावर, छपराखाली, लाकडी पट्ट्यांची एक चौकट टांगली जाते. हीच माटोळी. नारळांच्या जोड्या, सुपारीचे घोस, केळीचा घड, तवशी, चिबूड, निरफणस, म्हाळुंग, आंबाडे आणि रानातून आणलेली कांगले, फागले व तांबडीभडक कवंडाळे आंब्याच्या टाळ्यांबरोबर तिला बांधतात. वाण्याच्या दुकानातले यांत जवळजवळ काहीच नसते. पावसाने रानात, कुळागरात आणि परसात जे पिकविले त्याचा तो हजेरीपटच म्हणावयाचा. त्या हजेरीपटाखाली दुसऱ्या दिवशी गणपती येऊन बसतो.

गोवेकर या सणाला नुसते ‘चवथ’ म्हणतो. तयेला हरतालिका व गौरी, चवथीला गणपती, पंचमीला नवे. पुढे कोणाकडे दीड दिवस, कोणाकडे पाच, कोणाकडे सात वा नऊ. लोकमान्य टिळकांनी 1893 पासून ज्या सार्वजनिक उत्सवाला चालना दिली, त्याने महाराष्ट्रात गणपतीला चौकात आणले. गोव्यातील चवथ मात्र मुख्यतः घराचीच राहिली. घर म्हणजे मुळचे घर. मुंबईस नोकरी करणारा भाऊ, चोर्ला घाटाने उतरून येणारे बेळगावचे चुलते, सासरहून आलेल्या लेकी या सर्वांचा गणपती एक आणि चूल एक. एरवी वाटण्यांवरून अबोला धरलेली माणसेही त्या चुलीपाशी बसून एकाच ताटातल्या नेवऱ्या भरू लागतात. कोर्टाने जे साधत नाही ते कधी कधी खोबऱ्याच्या चुनाने साधते.

सण असा घरात राहिला, यामागे इतिहासाचाही हात आहे. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये तिसवाडी घेतली. बार्देश व सासष्टी 1543 मध्ये त्यांच्याकडे गेली. तिसवाडीतील देवळे 1540 च्या सुमारास पाडली गेली आणि 1560 मध्ये इन्क्विझिशनची स्थापना झाली. देव नदी ओलांडून गेले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास गेला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास. ही दोन्ही गावे अंत्रुज महालातील. तो महाल त्या वेळी आदिलशाहीत होता. दिवाडी बेटावरचा गणपतीही असाच स्थलांतर करीत शेवटी खांडोळ्यास स्थिरावला. उघड पूजेला मज्जाव झाल्यावर जी घराणी मागे राहिली, त्यांच्यापैकी काहींनी मातीच्या मूर्तीऐवजी कागदावरचे चित्र पुजले, कारण चित्र गुंडाळून पेटीत दडविता येते, अशी आठवण सांगतात. इन्क्विझिशन 1812 मध्ये कायमचे बंद झाले. तरी कागदाचा गणपती पुजणारी घरे गोव्यात आजही आहेत. आता तो भीतीचा नव्हे, कुळाचाराचा गणपती आहे.

ज्यांनी धर्म बदलला त्यांचे काय झाले, हाही या इतिहासाचाच भाग आहे. धर्म बदलला, पण शेत तेच राहिले. खाजणातली भातशेती, तिचे बांध, तिची मानशी आणि या सर्वांची व्यवस्था पाहणारी गावकरी ही संस्था पोर्तुगीजांच्या आधीची. अफोन्सु मेशिय याने 1526 मध्ये गावकऱ्यांचे रिवाज ‘फोराल’ नावाच्या दस्तऐवजात नोंदविले. त्यात गावसभेत विडा कोणास प्रथम द्यावा इथपासूनचे मानपान आहेत. पहिल्या कणसाचा मान हा त्याच जातीचा मान. गावकरी ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांनी तो सोडून दिला नाही. कणीस ते चर्चच्या वेदीपाशी घेऊन गेले.

सासष्टीतील राय गावी 5 ऑगस्टला कणसांचे फेस्त होते. तेथील चर्च हिममातेच्या नावाचे आहे. ज्या भूमीत कोणी हिम पाहिले नाही, तिथे हिममातेच्या सणाला चिखलात उभे राहून भात कापावे, हा योग पंचांगाचा! पाद्री विळा घेऊन पहिल्या लोंब्या कापतो, त्यांना आशीर्वाद देतो आणि त्या घरोघर वाटल्या जातात. ताळगावचे फेस्त 21 ऑगस्टला येते. नव्या लोंब्या अर्पण करण्याचा तेथील गावकऱ्यांचा मान थेट आल्बुकेर्कपासूनचा, अशी परंपरा आहे.

इन्क्विझिशनच्या 1736 च्या जाहीरनाम्याशी हे ताडून पाहावे. त्याने ख्रिस्त्यांना लग्नातले विडे पाठविण्यास, दारी तुळस लावण्यास, पुरुषांना पुडवे व स्त्रियांना चोळी नेसण्या-घालण्यास, फार काय, मिठावाचून भात शिजविण्यासही बंदी केली. स्वयंपाकघरातल्या भांड्यापर्यंत ज्यांची नजर पोचली, त्यांच्या अमलातही कणीस वेदीपाशी जात राहिले. धन्यवादाचा संस्कार चर्चने आपलासा केला, आणि त्यात चर्चचे शहाणपण दिसते.

शेजाऱ्यांची देवघेव तर चालूच राहिली. नेवरी चवथीला होते आणि नाताळालाही होते. एका घरातून चवथीला गेलेले ताट नाताळात दुसऱ्या घरातून भरून परत येते. हळदीच्या पानात वाफविलेल्या पातोळ्या हिंदू घरांत शिजतात, तशाच 15 ऑगस्टच्या मरियेच्या सणाला ख्रिस्ती घरांत. घुमटाचेही तसेच. कुंभार मातीचे दोन तोंडांचे भांडे घडवितो. मोठ्या तोंडावर चामडे ताणून बसविले की ते वाद्य होते. शामेळ व कासाळे यांच्या साथीने ते आरतीत घुमते आणि मांड्यातही घुमते. पूर्वी हे चामडे घोरपडीचे असे. वन्यजीव संरक्षणाचा कायदा 1972 मध्ये झाला. आता बकऱ्याचे चामडे वापरतात. जुने वादक नाद बदलल्याची तक्रार करतात. घोरपडीची तक्रार असण्याचे कारण उरलेले नाही.

माटोळीचे प्रश्न याहून अवघड आहेत. तयेच्या आधी म्हापसे, फोंडे, डिचोली येथील बाजारांत रानफळांचे ढीग लागतात. सत्तरी, सांगे, केपे, काणकोण या भागांतील माणसे पहाटे रान तुडवून ती आणतात. कोणती वेल कोठे चढते, कोणते फळ चवथीपर्यंत टिकते, हे ज्ञान शाळेत शिकविले जात नाही. रान हटले तेथे त्यांना अधिक लांब जावे लागते. इकडे खाली खाजणांत पडीक शेते वाढत आहेत, आणि पहिले कणीस कापण्यास आधी भात पेरणारा हवा.

पंचमीला कणसांची जुडी वाजत-गाजत घरी येते. तिची पूजा होऊन ती मुख्य दारावर बांधली जाते. शेजारच्या ख्रिस्ती घरात ती खुरसापाशी ठेवलेली असते. गणपती पाण्यात गेल्यावर माटोळी उतरवितात, तिचे नारळ व फळे घरोघर वाटतात आणि चौकट पुसून पुढील वर्षासाठी माळ्यावर टाकतात. दारावरची जुडी तेवढी राहते. ती वाळते, तिचे दाणे चिमण्या टिपतात, आणि पुढच्या पंचमीला तिच्या जागी नवी येते.