चार पौंडांचा कोप

तर झालं असं की, प्रोजेक्टच्या कृपेनं सहा महिने सायबाच्या देशात राहायचा योग आला. गाव वॉरिंग्टन. म्हणजे एका बाजूला लिव्हरपूल, दुसऱ्या बाजूला मँचेस्टर आणि मधे आम्ही, दोन रूममेट आणि एक प्रेशर कुकर. आता इंजिनिअरिंगची चारही वर्षं होस्टेलच्या टीव्हीसमोर लिव्हरपूलसाठी रात्री जागवलेला माणूस, ॲनफिल्ड अर्ध्या तासावर असताना गप्प बसेल का? क्लबची मेंबरशिप काढली, ऑनलाईन सोडतीत नाव घातलं आणि चक्क एका मॅचचं तिकीट लागलं. साठ पौंडांच्या आसपास. म्हणजे साधारण सहा हजार रुपये. पौंडांना शंभरानं गुणायचं नाही हा ऑनसाईटचा पहिला नियम, तो त्या दिवशी मी कटाक्षानं पाळला.

मॅच झाली, घसा बसला, स्कार्फ घेतला, शे-दीडशे फोटो काढले. सोमवारी हापिसात ते सगळ्यांना सक्तीनं दाखवले. आमच्या टेस्टिंग टीममधे एक गृहस्थ होते, साठीला टेकलेले, जन्मानं आणि बोलण्यानं अस्सल लिव्हरपूलचे. आम्ही देशी मंडळी आपापसात त्यांना 'काका' म्हणायचो. काकांनी सगळे फोटो शांतपणे पाहिले. मग एका फोटोवर बोट ठेवून म्हणाले, "इथे उभा राहायचो मी. चार पौंडात."

शेवटचे कधी गेला होता, असं विचारलं. "मुलगा आठ वर्षांचा होता तेव्हा." मुलगा आता तिशीचा आहे. बापलेक अजूनही एकही मॅच चुकवत नाहीत, पण बघतात पबमधल्या टीव्हीवर. स्टेडियमपासून दोन मैलांवर.

माझं स्कार्फ दाखवणं तिथेच थांबलं. घरी येऊन खिचडी लावली आणि वाचत बसलो. चार पौंडांचे साठ झाले कसे? महागाई म्हणाल, तर १९९०च्या चार पौंडांचे आज फार तर दहा-बारा होतात. मग उरलेले पन्नास कुठून आले?

काकांनी बोट ठेवलं ती जागा म्हणजे 'कोप'. आपल्या मराठीतला कोप म्हणजे राग. इथला कोप म्हणजे टेकडी. जानेवारी १९००मधे दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्धात स्पिऑन कोप नावाच्या टेकडीवर लढाई झाली. लँकेशायरच्या पलटणींमधले पुष्कळ जवान तिथे पडले. (याच टेकडीवरच्या जखमींना डोलीतून वाहून नेणाऱ्यांमधे नाताळच्या हिंदी पथकासोबत तिशीतला एक वकील होता, मोहनदास करमचंद गांधी. योगायोग बघा!) पुढे १९०६मधे ॲनफिल्डच्या एका टोकाला उभं राहून मॅच बघायचा भलामोठा उतार बांधला, त्याला या टेकडीचं नाव मिळालं. भरात असताना या उतारावर अठ्ठावीस हजारांच्या आसपास माणसं मावत. खुर्ची नाही, नंबर नाही. गोदीतले कामगार, त्यांची पोरं, बेकार तरुण, सगळे खांद्याला खांदा लावून उभे. शनिवारी दुपारी मनात आलं तर जायचं, दारात पैसे द्यायचे, आत शिरायचं.

याच्यात फक्त आनंदीआनंद होता असं नाही. मैदानं जुनाट होती, हुल्लडबाजी होती, आणि ऐंशीच्या दशकात तर सरकारपासून पोलिसांपर्यंत सगळे प्रेक्षकाकडे गुन्हेगार म्हणूनच बघत. तो मैदानात घुसू नये म्हणून समोर उंच लोखंडी जाळ्या ठोकलेल्या. मे १९८५मधे ब्रॅडफर्डला लाकडी स्टँड पेटून ५६ माणसं गेली. त्याच महिन्यात ब्रसेल्सच्या हेझेल स्टेडियममधे लिव्हरपूलच्या काही समर्थकांनी केलेल्या हल्ल्यातून चेंगराचेंगरी झाली आणि ३९ जण मेले. हेही सांगायला हवं.

आणि मग १५ एप्रिल १९८९. शेफील्डचं हिल्सबरो मैदान, एफए कपची सेमीफायनल, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट. बाहेर गर्दी वाढली म्हणून पोलिसांनी बाहेर जाण्याचं एक मोठं फाटक उघडलं, पण आतले आधीच भरलेले कप्पे बंद केले नाहीत. लोक बोगद्यातून थेट त्या कप्प्यांमधे गेले. समोर जाळी. ३ वाजून ६ मिनिटांनी मॅच थांबली. या दुर्घटनेनं एकूण ९७ बळी घेतले. शेवटचा माणूस त्या दिवशीच्या जखमांनी २०२१मधे, म्हणजे ३२ वर्षांनी गेला. चार दिवसांत 'द सन'नं पहिल्या पानावर छापलं की सगळा दोष दारुड्या प्रेक्षकांचा. लिव्हरपूलमधे आजही खूप जण तो पेपर हातात धरत नाहीत. प्रेक्षकांचा काही दोष नव्हता आणि त्या माणसांचा बेकायदा मृत्यू झाला, हे ज्यूरीनं अधिकृतपणे सांगायला एप्रिल २०१६ उजाडलं. काका त्या दिवसाबद्दल बोलत नाहीत. मी एकदा विषय काढला, त्यांनी बिल्ड कधी येतोय ते विचारलं.

आता तुम्ही म्हणाल, याचा तिकिटाच्या भावाशी काय संबंध? तर संबंध इथेच आहे. या दुर्घटनेची चौकशी लॉर्ड जस्टिस टेलर यांच्याकडे होती. जानेवारी १९९०मधे त्यांचा अंतिम अहवाल आला, ७६ शिफारशींचा. त्यातली सगळ्यात गाजलेली म्हणजे मोठ्या मैदानांवर उभं राहणं बंद, प्रत्येकाला खुर्ची. तिकिटं महागली त्याचं खापर आजही या शिफारशीवर फुटतं. "काय करणार, सुरक्षितता हवी तर पैसे मोजायला हवेत." मीही हेच गृहीत धरलं होतं.

पण टेलरसाहेबांनी नेमका याच मुद्द्याचा विचार करून ठेवला होता! क्लब बसण्यासाठी थोडे जास्त पैसे घेतील हे त्यांना मान्य होतं, पण आज जे उभे राहतात त्यांच्या खिशाला परवडेल अशी स्वस्त जागा ठेवणं शक्य आहे, असं त्यांनी लिहिलं. उदाहरणही दिलं, ग्लासगोच्या आयब्रॉक्सचं. तिथे उभं राहायला ४ पौंड होते आणि बसायला ६. म्हणजे खुर्चीची किंमत दोन पौंड. बरं, बांधकामाचा सगळा खर्च क्लबांच्या डोक्यावर पडला असंही नाही. फुटबॉल पूल्स नावाचा जो सट्टा तिथे चालतो, त्यावरचा कर सरकारनं १९९०मधे अडीच टक्क्यांनी उतरवला आणि त्यातून पाच वर्षांत सुमारे १० कोटी पौंड मैदानांच्या दुरुस्तीसाठी मोकळे केले.

म्हणजे खुर्ची हे कारण नव्हतं, निमित्त होतं. कारण दोन वर्षांनी आलं. १९९२मधे वरच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली, तिचं नाव प्रीमियर लीग. टीव्हीचा पहिला करार पाच वर्षांना ३० कोटी ४० लाख पौंडांचा. फुटबॉल हा आता चकचकीत माल झाला आणि नव्या खुर्च्यांना नवं गिऱ्हाईक मिळालं. ३० एप्रिल १९९४ला कोपावर लोक शेवटचे उभे राहिले (नॉरिचकडून ०-१ हरलो, अर्थात!) आणि मग तिथे सुमारे १२,४०० खुर्च्या आल्या. जागा अर्ध्याहून कमी झाल्या, मागणी जगभरातून वाढली. पुढचं गणित शाळकरी पोरही सांगेल.

यावर "टीव्हीचे पैसे आले, म्हणजे तिकीट स्वस्त व्हायला हवं" असं एखादा भाबडा म्हणेल. तो भाबडा मीच. म्हणून एक हिशोब मांडून बघितला. २०१६ ते २०१९ या तीन वर्षांसाठी फक्त ब्रिटनमधल्या थेट प्रक्षेपणाचे ५१३ कोटी ६० लाख पौंड ठरले. वर्षाला १६८ मॅचेस, तीन वर्षांत ५०४. भागाकार केला तर एका मॅचला एक कोटी पौंडांहून थोडे जास्त. आणि नेमक्या याच काळात लिव्हरपूलनं जाहीर केलं की ५९ पौंडांचं सगळ्यात महाग तिकीट आता ७७ला मिळेल. फरक १८ पौंडांचा. हे तिकीट थोड्याच जागांचं होतं. पण समजा ५४ हजारांच्या मैदानावर प्रत्येकाला १८ पौंड सूट दिली, तरी मॅचमागे दहा लाखांच्या आतच बसतात. टीव्हीच्या रकमेच्या दहाव्या हिश्शाहून कमी! आणि तरीही ते पैसे त्यांना खुर्चीवर बसलेल्या माणसाकडून हवे होते.

इथे मात्र माणसं उठली. ६ फेब्रुवारी २०१६, ॲनफिल्ड, समोर संडरलँड. लिव्हरपूल २-० पुढे. ७७व्या मिनिटाला, ७७ पौंडांच्या निषेधार्थ, सुमारे दहा हजार लोक जागा सोडून बाहेर पडले. उरलेल्या वेळात संडरलँडनं दोन गोल केले आणि मॅच २-२ सुटली. चार दिवसांत मालकांनी माफी मागितली, ७७चा बेत रद्द केला आणि दर दोन सीझन गोठवले. त्याच वर्षी मार्चमधे प्रीमियर लीगच्या सगळ्या क्लबांनी पाहुण्या संघाच्या समर्थकांसाठी जास्तीत जास्त ३० पौंडांची मर्यादा ठरवली, जी पुढे पुन्हा पुन्हा वाढवून चालू राहिली. यामागे समर्थकांच्या संघटनेची वीस पौंडांच्या मागणीची तीन वर्षांची मोहीम होती. आणि त्याआधी जानेवारी २०१३मधे मँचेस्टर सिटीनं आर्सेनलकडचे ६२ पौंडांचे ९१२ पास न खपल्यामुळे परत पाठवले, ती लाजही होती.

म्हणजे भाव हा पावसासारखा वरून पडत नाही. कोणीतरी बसून तो ठरवतं, आणि कोणी उठलं तर तो बदलतोही. जर्मनीत १९९८पासून '५०+१' नियम आहे: बहुतेक क्लबांत मताचा बहुमताचा वाटा सभासदांकडेच राहतो. डॉर्टमुंडच्या दक्षिण स्टँडवर आजही लीगच्या मॅचला सुमारे २५,००० माणसं उभी राहतात, वीस युरोच्या आसपास देऊन. सुरक्षितपणे. इंग्लंडलाही ही अक्कल २०२२मधे आली आणि रेलिंगवाल्या जागी उभं राहायला पुन्हा परवानगी मिळाली. उभं राहणं परत आलं. चार पौंड, किंवा त्यांचे आजचे दहा-बारा, काही परतले नाहीत.

आता थोडं स्वतःबद्दल, कारण ते टाळून हा लेख संपवणं अप्रामाणिकपणा होईल. वॉरिंग्टनला मी जे काम करत होतो, ते एका विमान कंपनीचं तिकीटदर ठरवणारं सॉफ्टवेअर होतं. कोण किती देईल याचा अंदाज घ्यायचा आणि शेवटच्या खुर्चीला त्यातला सगळ्यात मोठा आकडा लावायचा. आपल्याकडे राजधानीच्या फ्लेक्सी फेअरला आपण शिव्या घालतो, तेच. २०२६च्या फुटबॉल विश्वचषकाला फिफानं असलंच मागणीनुसार हलणारं दरपत्रक लावलं. डिसेंबर २०२५मधे संघांच्या निष्ठावंत समर्थकांना फायनलचं सगळ्यात स्वस्त तिकीट ४,१८५ डॉलरला असल्याचं कळलं, बोंबाबोंब झाली, आणि काही दिवसांत ६० डॉलरची थोडी तिकिटं निघाली. पुन्हा तेच: बोंब मारली की कोड बदलतो.

पण कोड असो वा दरपत्रक, त्यात ज्या गिऱ्हाइकाची वाट बघितलेली असते ते गिऱ्हाईक मीच आहे. मी आयुष्यात एकदा जाणार, साठ काय, नव्वदही दिले असते. वर स्कार्फ घेणार, जर्सी घेणार, फोटो टाकून फुकट जाहिरात करणार. काका वर्षाला पंचवीस वेळा येणार, घरून सँडविच आणणार आणि नुसतं ओरडणार. क्लबच्या एक्सेल शीटमधे माझी किंमत जास्त. गंमत म्हणजे, मी सात हजार किलोमीटरवरून गेलो होतो ते काकांचं ओरडणं ऐकायलाच. सगळ्या खुर्च्यांवर माझ्यासारखे बसले तर कोण कोणाला ऐकणार?

याचं उत्तर माझ्याकडे नाही. मी तिकीट काढायला नको होतं का? माहीत नाही. खूप मजा आली होती, खोटं कशाला बोलू.

परत यायच्या आदल्या शनिवारी काका म्हणाले, चल, तुला मॅच दाखवतो. लिव्हरपूलच्या उत्तरेला क्रॉस्बी नावाचं उपनगर आहे, तिथला मरीन एफसी. छोटा क्लब. जानेवारी २०२१मधे एफए कपमधे यांच्याकडे चक्क टॉटनहॅम खेळायला आलं होतं. कोविडमुळे प्रेक्षकांना बंदी, तर यांनी दहा पौंडांची कागदोपत्री तिकिटं विकली आणि ३०,६९७ खपली. मैदानाच्या एका बाजूला घरांची परसं आहेत. बॉल भिंतीपलीकडे गेला की आपल्या सोसायटीतल्यासारखंच, वाट बघायची.

काकांचा मुलगा आला होता, त्याची छोटी मुलगीही. आम्ही चौघं गोलच्या मागे उभे राहिलो. काकांनी रेफरीच्या तीन पिढ्यांचा उद्धार केला, नात खो खो हसली. मोठ्यांचं तिकीट पंधरा पौंडांच्या आत होतं. चौघांचे पैसे काकांनीच दिले, मला पाकीट काढू दिलं नाही.