गोतसभेपासून प्रभागापर्यंत : जळकोटच्या मतदाराला आपल्या गल्लीचा प्रतिनिधी कसा मिळाला?

१/ २१ डिसेंबर २०२१. राज्यातील शंभराहून अधिक नगरपंचायतींसाठी त्या दिवशी मतदान झाले. लातूर जिल्ह्यातील जळकोट, चाकूर, देवणी आणि शिरूर अनंतपाळ ही गावे त्यांत होती. परंतु ओबीसींसाठी राखीव असलेल्या जागांचे मतदान त्या दिवशी झाले नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १५ डिसेंबरच्या आदेशानंतर त्या जागा सर्वसाधारण ठरवण्यात आल्या, त्यांचे मतदान १८ जानेवारी २०२२ रोजी झाले आणि सर्व जागांची मतमोजणी १९ जानेवारीला.

२/ एका गल्लीने डिसेंबरात मत द्यायचे आणि शेजारच्या गल्लीने जानेवारीत, ही गोष्ट तेव्हा अनेकांना विचित्र वाटली. पण तिच्यामागे एक गृहीतक आहे, ज्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. प्रतिनिधी हा वस्तीचा असतो, म्हणून प्रत्येक वस्तीची निवडणूक स्वतंत्र असते. आज हे स्वाभाविक वाटते. इतिहासात ते मुळीच स्वाभाविक नव्हते. या धाग्यात तो प्रवास पाहू.

३/ मराठा काळातील गावापासून आरंभ करू. वतनाचा, हद्दीचा वा वारशाचा तंटा उभा राहिला की गोतसभा बसे. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, आजूबाजूच्या गावांचे वतनदार एकत्र येत आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. त्यावर उपस्थितांच्या निशाण्या असत. पाटलाच्या नावाशी नांगर, इतरांच्या नावांशी त्यांच्या व्यवसायाची हत्यारे.

४/ त्या निशाण्या नीट पाहा. सभेत बसणारा माणूस कोणत्या आळीत राहतो, याला तिथे महत्त्व नव्हते. तो कोणत्या वतनाचा वा कोणत्या जातीचा धनी आहे, यावर त्याचे स्थान ठरे. पेठांमध्येही शेटे आणि महाजन हे वतनदारच. त्यांना कोणी निवडून देत नसे. वडिलांमागून मुलगा येई. स्त्रियांना आणि वतन नसलेल्यांना या प्रतिनिधित्वात सहसा वाटा नव्हता.

५/ इंग्रजी अमलात ‘वॉर्ड’ आला, पण एकटा आला नाही. मुंबईच्या १८७२ च्या कायद्याने नगरपालिकेत ६४ सदस्य ठेवले. त्यांपैकी ३२ करदात्यांनी निवडायचे, १६ जस्टिस ऑफ द पीस यांनी आणि १६ सरकारने नेमायचे. १८८८ च्या कायद्याने संख्या ७२ झाली. वॉर्डांतून ३६ येत. उरलेल्यांत सरकारनियुक्त होते, जस्टिस होते, विद्यापीठाचे फेलो होते आणि चेंबर ऑफ कॉमर्सचेही दोन प्रतिनिधी होते.

६/ म्हणजे एकाच सभागृहात दोन कल्पना शेजारी बसल्या होत्या. अर्धे सभासद वस्तीतून येत, उरलेले हुद्द्यातून, व्यापारातून वा सरकारी मर्जीतून. शिवाय वस्तीतून येणाऱ्यालाही सगळी वस्ती मत देत नसे. ठरावीक कर भरणाराच मतदार. भाड्याच्या खोलीत राहणारा गिरणीकामगार वॉर्डात राहत होता, वॉर्डाच्या मतदारयादीत नव्हता. मुंबई महापालिकेची प्रौढ मताधिकाराने पहिली निवडणूक झाली ती १९४८ मध्ये.

७/ नियुक्त सभासद स्वतंत्र बुद्धीने वागूच शकत नसे, असे मात्र नाही. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे नियुक्त सदस्य होते. व्हाइसरॉय लिटन यांच्या पुणे भेटीनिमित्त शहर सजवण्यासाठी पैसे खर्च करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा त्याला विरोध करणारे ते एकटेच होते. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा, असे त्यांचे मत होते.

८/ परंतु फुले सभागृहात आले ते सरकारने नेमले म्हणून. ज्या वस्त्यांची बाजू ते मांडत, त्या वस्त्यांना त्यांना निवडण्याचाही अधिकार नव्हता आणि त्यांच्यानंतर कोण, हे ठरवण्याचाही नव्हता. मे १८८२ मध्ये लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव आला आणि मुंबई इलाख्यातील नगरपालिकांत निर्वाचित सदस्यांचे प्रमाण वाढू लागले.

९/ आता जळकोटकडे वळू. हा भाग ब्रिटिश इलाख्यात नव्हताच. तो निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. उदगीर आणि अहमदपूर हे आजूबाजूचे तालुके तेव्हा बीदर जिल्ह्यात मोडत. पहिल्या सालारजंगांनी १८६० च्या दशकात जिल्हाबंदी केली आणि तालुकदार, तहसीलदार अशी नवी यंत्रणा उभी राहिली. मात्र कारभाराचा ओघ वरून खाली होता. रिपनच्या ठरावाचा हुकूम इथे चालत नव्हता.

१०/ संस्थानात प्रतिनिधित्वाची मागणी जोर धरू लागली, ती १९३० च्या दशकात. अरवमुदु अय्यंगार समितीच्या शिफारशींनंतर १९३९ मध्ये निजाम सरकारने सुधारणा जाहीर केल्या. त्यांतील कल्पना लक्षणीय आहे. प्रतिनिधी प्रदेशातून नव्हे, तर हितसंबंधांतून घ्यायचे : जहागीरदारांचे वेगळे, शेतीचे वेगळे, व्यापाराचे, कामगारांचे, निरनिराळ्या पेशांचे वेगळे.

११/ गोतसभेची आठवण झाली ना? पोशाख आधुनिक होता, पण माणसाची ओळख पुन्हा त्याच्या धंद्यावरून आणि दर्जावरूनच ठरत होती. स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांची मागणी जबाबदार राज्यपद्धतीची होती. स्टेट काँग्रेसवर १९३८ मध्येच बंदी आली होती. ती उठल्यानंतर या सुधारणांनुसार होणाऱ्या निवडणुकांवर स्टेट काँग्रेसने बहिष्कार टाकला.

१२/ १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला. १९५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत इथल्या प्रौढ स्त्री-पुरुषांनी समान मताचा हक्क बजावला. १९५६ साली दोन गोष्टी घडल्या. हैदराबाद जिल्हा नगरपालिका कायदा आला. आणि १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना होऊन मराठवाडा मुंबई राज्यात आला. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके बीदरमधून निघून उस्मानाबाद जिल्ह्यात आले. १५ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून लातूर जिल्हा झाला.

१३/ राज्य बदलले तरी नगरपालिका कायदा लगेच एक झाला नाही. पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ आणि मराठवाडा अशा तिन्ही भागांत वेगवेगळे कायदे चालू राहिले. त्या सर्वांच्या जागी १९६५ चा महाराष्ट्र नगरपालिका अधिनियम आला. गावांसाठी १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम होता. जळकोट दीर्घकाळ या दुसऱ्या कायद्याखाली, ग्रामपंचायत म्हणून नांदले.

१४/ यानंतरचा टप्पा ७४ व्या घटनादुरुस्तीचा. १ जून १९९३ पासून ती अमलात आली. गावातून शहराकडे संक्रमण करणाऱ्या क्षेत्रासाठी तिने ‘नगरपंचायत’ हा प्रकार दिला. २०१४ मध्ये राज्य शासनाने तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायतीचा दर्जा देण्याचे धोरण स्वीकारले. जळकोट त्याच ओघात नगरपंचायत झाले.

१५/ या बदलात नागरिकाच्या हाती काय आले? ग्रामपंचायतीच्या एका प्रभागातून दोन-तीन सदस्यही येतात. मग नालीचे उत्तर नेमके कोणाला मागायचे, हा प्रश्न उरतो. नगरपंचायतीत १७ प्रभाग आणि १७ नगरसेवक, एका प्रभागाला एकच. उत्तरदायी माणूस निश्चित झाला. मोठ्या महापालिकांत हे सुख नाही. मुंबई वगळता इतर महापालिकांत २००२ मध्ये तीनसदस्यीय, २००७ मध्ये एकसदस्यीय, २०१२ मध्ये द्विसदस्यीय आणि २०१७ मध्ये चारसदस्यीय प्रभाग, अशी पद्धत फिरत राहिली.

१६/ आणि हातून काय गेले? ग्रामसभा. ग्रामपंचायतीत प्रत्येक मतदार हा कायद्यानेच ग्रामसभेचा सदस्य असतो. उभे राहून हिशोब विचारण्याची ती हक्काची जागा होती. अनेक ठिकाणी गणपूर्तीअभावी ती तहकूब होई, हे खरे. तरी ती होती. नगरपंचायत झाली की ग्रामसभा संपते. घटनेने शहरांसाठी प्रभाग समित्या बंधनकारक केल्या, पण तीन लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांपुरत्याच. जळकोट त्या मर्यादेच्या कितीतरी खाली आहे.

१७/ ही पोकळी ओळखून केंद्राने पहिल्या दशकात ‘नगर राज’ विधेयकाचा नमुना राज्यांना दिला. मतदान केंद्राच्या परिसरातील मतदारांची क्षेत्रसभा भरावी आणि तिचा प्रतिनिधी प्रभाग समितीत बसावा, अशी ती कल्पना. महाराष्ट्राने २००९ मध्ये कायद्यात क्षेत्रसभा आणली, पण अध्यक्षपद नगरसेवकालाच दिले. ज्याला प्रश्न विचारायचे, तोच सभेच्या खुर्चीत! प्रत्यक्षात क्षेत्रसभा फारशा भरल्याही नाहीत.

१८/ इतरत्र वेगळे प्रयोग झाले आहेत. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ पासून वस्त्यांच्या सभा आपले प्रतिनिधी निवडून शहराच्या अंदाजपत्रकाच्या परिषदेवर पाठवू लागल्या. लॉस एंजेलिसने १९९९ च्या सनदेत परिसर मंडळांची तरतूद केली; ती सल्लागार असली तरी त्यांचे सभासद परिसरातूनच निवडले जातात. पुणे महापालिकेने २००६ मध्ये नागरिकांकडून प्रभागातील कामे सुचवून घेण्यास आरंभ केला. तिथे सूचना देता येते; प्रतिनिधी पाठवता येत नाही.

१९/ एक गुंतागुंत मात्र नजरेआड करू नये. आपल्याकडे वस्ती ही बहुधा जातीची वा धर्माचीही असते. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत गावाऐवजी व्यक्तीला एकक मानल्याचे समाधान व्यक्त केले, त्यामागे हेच भान होते. केवळ ‘आपल्या वस्तीचा माणूस’ एवढेच म्हटले, तर गोतसभा मागच्या दाराने परत येते. म्हणून अनुसूचित जाती-जमातींसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात जागा आणि २०११ पासून स्त्रियांसाठी ५० टक्के आरक्षण, ही प्रभागपद्धतीला दिलेली आवश्यक जोड आहे.

२०/ त्यामुळेच प्रभागाची सीमारेषा ही केवळ नकाशावरची रेघ नसते. ती जनगणनेच्या प्रगणक गटांवरून आखली जाते, उत्तरेकडून सुरू होऊन दक्षिणेकडे संपते आणि आधी प्रारूप म्हणून प्रसिद्ध होते. त्यावर हरकती व सूचना घेतल्या जातात. एखादी वस्ती दोन प्रभागांत विभागली गेली, तर तिचे मत दोन्हीकडे अल्प ठरू शकते. ते रोखण्याची संधी मतदानाच्या दिवशी नसते. ती हरकतींच्या त्या मोजक्या दिवसांत असते.

२१/ तेव्हा मित्रहो, पुढच्या वेळी आपल्या नगरपंचायतीचा प्रारूप आराखडा फलकावर लागला, की जाऊन पाहा. आपली गल्ली कोणत्या प्रभागात आहे, तिची हद्द कुठल्या रस्त्यावर संपते, हे वाचा. चुकीचे वाटले तर मुदतीत लेखी हरकत द्या. आपल्या पणजोबांना या भागात असा कागद कधी पाहायला मिळाला नव्हता. आणि तुमच्या गावची ग्रामपंचायत अलीकडे नगरपंचायत झाली असेल, तर ग्रामसभेच्या जागी आज तिथे काय आहे, तेही खाली लिहा.