गाण्यातला 'मी' आणि आरोपीच्या पिंजऱ्यातला माणूस

रॅपच्या ओळींचा अर्थ कसा लावायचा, हा वाद अमेरिकेत साहित्याच्या वर्गांपेक्षा कोर्टांत अधिक गाजला, आणि तिथे अर्थ चुकला की माणूस तुरुंगात जातो. जून १९९० मध्ये फ्लोरिडातल्या एका फेडरल न्यायाधीशांनी 'टू लाइव्ह क्रू' या गटाचा 'अ‍ॅज नॅस्टी अ‍ॅज दे वॉना बी' हा अल्बम अश्लील ठरवला. चारच दिवसांनी हॉलिवूड नावाच्या फ्लोरिडातल्या गावी कार्यक्रम करून निघालेल्या गटातल्या गायकांना पोलिसांनी अटक केली. ऑक्टोबरमध्ये फोर्ट लॉडरडेलला खटला उभा राहिला. मुख्य पुरावा होता पोलिसांनी कार्यक्रमात गुपचूप केलेलं ध्वनिमुद्रण. ते इतकं खरखरीत होतं की ओळी ऐकूच येईनात. शेवटी त्या काय आहेत हे पोलीस साक्षीदारालाच कोर्टात सांगावं लागलं. सरकारी सुरात वाचल्या जाणाऱ्या त्या ओळी ऐकून ज्यूरींना हसू आवरेना, तेव्हा त्यांनी न्यायाधीशांकडे हसण्याची परवानगी मागितली, आणि ती मिळाली. बचाव पक्षाने साक्षीला बोलावले होते हेन्री लुई गेट्स ज्युनियर. कृष्णवर्णीयांच्या मौखिक परंपरेवरचा त्यांचा 'द सिग्निफाइंग मंकी' हा ग्रंथ दोनच वर्षांपूर्वी आला होता. या ओळी अतिशयोक्तीच्या आणि विडंबनाच्या जुन्या परंपरेतल्या आहेत, त्या शब्दशः घ्यायच्या नसतात, असं त्यांनी सांगितलं. ज्यूरींनी गायकांना निर्दोष सोडलं.

गेट्स यांनी सांगितलेली परंपरा रॅपच्या जन्माच्या कितीतरी आधीची आहे. 'डझन्स' या खेळात दोघं एकमेकांच्या आईवरून, घरावरून एकावर एक सरस टोमणे मारतात. जो चिडला तो हरला. 'टोस्ट' म्हणजे गुंड-बदमाशांच्या पराक्रमाची यमकबद्ध, पाठ म्हटली जाणारी लांबलचक कवनं. ती तुरुंगांत, नाक्यांवर, न्हाव्यांच्या दुकानांत चालत आली. सेंट लुईसमध्ये १८९५ च्या नाताळच्या रात्री ली शेल्टन नावाच्या माणसाने दारूच्या गुत्त्यात बिली लायन्सला गोळी घातली. त्या खुनातून 'स्टॅगर ली'ची गाणी जन्मली, आणि लॉइड प्राइसने तेच गाणं गाऊन १९५९ साली देशभर लोकप्रियता मिळवली. खुनाचं गाणं गायलं म्हणून प्राइसवर कुणी संशय घेतला नाही. ऑगस्ट १९७३ मध्ये ब्राँक्समधल्या सेजविक अ‍ॅव्हेन्यूवर कूल हर्कने पार्टीत दोन तबकड्यांवरून ताल लावला आणि हिप-हॉपची वाट मोकळी झाली, तेव्हा माइक हाती घेणाऱ्यांकडे हा सगळा ऐवज होताच. बढाई, आव्हान, समोरच्याला शब्दांत चीत करणं आणि ठरवून घेतलेलं एक रूप, एक टोपणनाव: रॅपमधला 'मी' या सगळ्यांतून घडला. कलगी-तुऱ्याच्या झगड्यात समोरच्या शाहिराला धुळीला मिळवण्याच्या वल्गना होतात, तेव्हा उद्या त्याच्या घरावर दगड पडतील असं आपल्याकडे कुणी मानत नाही. गाणाऱ्याने कोणता बाणा घेतला आहे, हे ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असतं.

म्हणून माझं म्हणणं असं, की रॅपची ओळ काय सांगते हे ठरवण्याआधी ते बोलणं कोणत्या जातकुळीचं आहे हे ठरवावं लागतं. कादंबरी, नाटक, पोवाडा यांच्या बाबतीत ही पहिली पायरी कुणी गाळत नाही. रॅपच्या बाबतीत मात्र अमेरिकी सरकारी वकिलांनी ती सर्रास गाळली आणि अनेक कोर्टांनी गाळू दिली. १९९१ चा 'अमेरिका विरुद्ध फॉस्टर' हा खटला पाहा. आरोपीच्या सामानात अमली पदार्थ सापडले आणि त्याच्या वहीत धंद्याचं वर्णन करणारं एक रॅप-कवनही सापडलं. अपील कोर्टाने कवन पुरावा म्हणून मान्य केलं. 'गॉडफादर' लिहिला म्हणून मारिओ पुझो माफियाचा म्होरक्या ठरत नाही, हे कोर्टाने स्वतःच नमूद केलं. पण कवनातून लेखकाला या धंद्याची आणि त्यातल्या सांकेतिक भाषेची माहिती असल्याचं दिसतं, एवढ्यापुरतं ते चालेल असं म्हटलं. तर्क वरवर निर्दोष दिसतो. पण ज्यूरींसमोर वही वाचली गेल्यावर 'माहीत आहे' आणि 'केलं आहे' यांतलं अंतर उरतं का?

ते किती सहज मिटतं हे लुइझियानातल्या मॅक फिप्स या रॅपरच्या खटल्यात दिसलं. फेब्रुवारी २००० मध्ये एका क्लबात गोळीबार होऊन एका तरुणाचा जीव गेला. फिप्सवर आधी एकही गुन्हा नव्हता आणि दुसऱ्याच एका माणसाने गोळी झाडल्याची कबुलीही दिली होती. तरी २००१ साली त्याला मनुष्यवधासाठी तीस वर्षांची शिक्षा झाली. सरकारी वकिलांनी त्याच्या दोन वेगवेगळ्या गाण्यांतल्या ओळी जोडून ज्यूरींसमोर ठेवल्या. त्यातली एक ओळ व्हिएतनाम युद्धात लढलेल्या त्याच्या वडिलांविषयीची होती. मुलाने बापाच्या युद्धाबद्दल लिहिलेलं वाक्य त्याच्याच गुन्ह्याची कबुली म्हणून वाचलं गेलं. फिप्स बाहेर आला तो २०२१ साली. अर्थ लावण्याच्या नावाखाली झालेला हा अन्याय वाचताना संताप येतो, कारण गाण्याचा संदर्भ कुणालाही सापडण्यासारखा होता.

यावर एक बळकट आक्षेप आहे. 'आम्ही खरं तेच सांगतो' हे रॅपर स्वतःच छातीठोकपणे म्हणतात. रस्त्यावरचं जगणं जसंच्या तसं मांडल्याचा दावा हेच त्यांचं भांडवल असतं. मग इतरांनी ते खरं धरलं तर चूक काय? पण 'खरं सांगतो' हे म्हणणंसुद्धा त्या बाण्याचाच भाग आहे. शिवाय ऐकणारे सर्वांना एकाच मापाने मोजत नाहीत. मानसशास्त्राच्या अभ्यासक कॅरी फ्रीड यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात किंग्स्टन ट्रायोच्या जुन्या लोकगीतातल्या, पोलिसाच्या खुनाबद्दलच्या ओळी लोकांना वाचायला दिल्या. काहींना ते रॅप असल्याचं सांगितलं, काहींना कंट्री संगीत. ओळी त्याच होत्या, पण रॅप म्हणून वाचणाऱ्यांना त्या अधिक घातक वाटल्या. वीस वर्षांनी दुसऱ्या संशोधकांनी प्रयोग पुन्हा केला, तेव्हाही हेच आढळलं. शब्द तेच असताना निकाल बदलत असेल, तर तो निकाल शब्दांतून आलेला नाही.

तरीही आक्षेपात एक खरा अंश आहे. घटनेचा असा तपशील गाण्यात येऊ शकतो, जो गुन्हेगारालाच माहीत असेल. असा तपशील पुरावा म्हणून तपासायला हवाच. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये 'स्किनर' खटल्यात नेमकी हीच रेघ आखली. त्या आरोपीच्या वह्यांतली तेरा पानं ज्यूरींना वाचून दाखवली होती आणि त्यातलं बरंचसं लिखाण गुन्ह्याच्या कितीतरी आधीचं होतं. गाण्याचा प्रत्यक्ष गुन्ह्याशी ठोस दुवा असल्याशिवाय ते ज्यूरींपुढे आणू नये, असं न्यायालयाने सांगितलं. बॉब मार्लेने खरंच शेरीफला गोळी घातली असं कुणी धरत नाही, याचीही आठवण त्याने करून दिली. सप्टेंबर २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाने त्याच दिशेने कायदा केला.

दुसरा आक्षेप मला अधिक अस्वस्थ करतो. परंपरा सांगून सगळं माफ करायचं का? फ्लोरिडातल्या त्याच अल्बमविषयी कायद्याच्या अभ्यासक किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९९१ मध्ये लिहिलं. खटल्यामागे वर्णद्वेष होता हे त्यांनी मान्य केलं. पण विडंबनाच्या परंपरेचा दाखला दिल्याने कृष्णवर्णीय स्त्रियांवरच्या हिंसेची भाषा निरुपद्रवी होत नाही, असंही ठणकावलं. त्या बरोबर होत्या. परंपरा ओळखण्याचा हेतू गाणं निर्दोष ठरवणं हा नाही. ओळ आधी नीट वाचायची, मग तिच्यावर कठोर टीका करायची. क्रेनशॉ यांची टीका टिकते, कारण त्यांनी गाणं कबुलीजबाब म्हणून न वाचता गाणं म्हणून वाचलं.

महाराष्ट्रात हा प्रश्न वेगळ्या अंगाने आला. २०२३ च्या एप्रिलमध्ये छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासे या रॅपरवर अंबरनाथमध्ये गुन्हा नोंदवला गेला. गाण्यात चोरांचा आणि तेव्हा राजकीय आरोपांत गाजत असलेल्या पन्नास खोक्यांचा उल्लेख होता. नाव कुणाचंच नव्हतं. अमेरिकेत ओळीवरून गाणाऱ्याचा गुन्हा शोधला गेला, इथे ओळीवरून लक्ष्य कोण ते शोधलं गेलं, आणि ती रिकामी जागा ऐकणाऱ्याने भरली. पण नुसतं ऐकून अर्थ ठरवणं पुरत नाही, हे अमेरिकेतच दिसलं होतं: फ्लोरिडातल्या त्या अल्बमवरचा अश्लीलतेचा निकाल अपील कोर्टाने १९९२ मध्ये रद्द केला, कारण तिथल्या शेरीफने टेपपलीकडे काहीच पुरावा दिला नव्हता. न्यायाधीशाने नुसती टेप ऐकून तिचं कलामूल्य ठरवणं अपील कोर्टाला पुरेसं वाटलं नाही. गाण्याचा अर्थ आपल्याला लागला असा ज्याचा दावा आहे, त्याने तो सिद्धही करायचा असतो.